लांबचं घर पहिलं

महाडच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या उज्वलाला दुभाषाचं काम आलं ते २००३ च्या एप्रिलमध्ये, ऐन पेपर तपासणीच्या दिवसांत. जगभरच्या पाण्याचा अभ्यास करणारा एक आयोग नेमला होता. त्याच्या एक सदस्य, एस्तेर म्वाले नावाच्या बाई, देशोदेशी फिरून पुढाऱ्यांशी संवाद करत होत्या. पुढचं जग कसं असेल, पाणी कुणाला मिळेल, तापमान वाढलं तर माणसं कुठे जातील, असे त्यांचे विषय. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा देशात त्या पूर्वी पाणीखात्याच्या मंत्री होत्या. राष्ट्राध्यक्ष, शास्त्रज्ञ, बँकांचे प्रमुख, महापौर अशा साठ-सत्तर जणांशी बोलून झालं होतं. भारतात आल्यावर त्यांनी सांगितलं, मला महाडचं चवदार तळं पाहायचंय, आणि त्या भागातल्या एखाद्या गावच्या कारभारणीशी बोलायचंय.

कारभारीण म्हणून नाव निघालं मंजुळाबाईंचं. पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या पठाराखाली, पळसकोंड म्हणून एक वस्ती. पाऊणशे घरं. तिथल्या बौद्धवाडीतल्या या बाई तीन वर्षांमागे राखीव जागेवरून सरपंच झाल्या होत्या. उन्हाळ्यात त्या डोंगरावर हंडाभर पाण्यासाठी भांडणं होत, पण पळसकोंडात दोन वर्षं एकही भांडण नव्हतं, एवढीच त्यांची कीर्ती.

आदल्या संध्याकाळी उज्वला टेबलाशी बसून शब्दांची यादी करत होती. शाश्वत विकास, लोकसहभाग, जलसंधारण. तिचे वडील नागसेन महाडच्या पोस्टात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले होते. ते मागे येऊन उभे राहिले, यादी वाचली आणि म्हणाले, "एवढी तयारी कशाला गं? दुभाषाचं काम पोस्टमनचं. इकडचं पाकीट तिकडे द्यायचं. फोडायचं नाही, त्यात आपलं काही घालायचं नाही."

"बाबा, साधी बाई आहे ती खेड्यातली. जरा नीट मांडायला नको का कुणी?"

नागसेन चष्मा पुसत बाहेर गेले.

सकाळी म्वालेबाई तळ्यावर आल्या. साठीच्या, उंच, डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधलेला. कोपरात दुखणं असावं, उजवा हात सारखा डाव्या हाताने धरत होत्या. त्यांनी फोटो काढले नाहीत. पायऱ्या उतरून पाण्याजवळ बसल्या आणि उज्वलाला विचारलं, "इथे त्या दिवशी किती लोक होते?" उज्वलाने सांगितलं, हजारो. मग कितीतरी वेळ त्या नुसत्या बसून राहिल्या. उज्वला लहानपणापासून दरवर्षी वडिलांचं बोट धरून या तळ्यावर आली होती, पण एवढ्या लांबून कुणी येऊन असं गप्प बसलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिचा ऊर भरून आला. आणि त्याच भरात तिने मनाशी ठरवून टाकलं, की आज आपल्या मंजुळाबाई कुठे कमी पडता कामा नयेत.

पोलादपूर सोडल्यावर जीप चढणीला लागली. डांबर संपलं, खडी संपली, मग नुसती लाल धूळ. डोंगर उघडेबोडके झाले होते. म्वालेबाईंनी विचारलं, "इथे पाऊस किती पडतो?" उज्वलाने आकडा सांगितला तेव्हा त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. माणूस दोनदा बुडेल एवढं पाणी ज्या डोंगरावर चार महिन्यांत कोसळतं, तिथे एप्रिलमध्ये बाया कोसभर चालतात, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

समाजमंदिरात सतरंजी घातली होती. मंजुळाबाई दारातच भेटल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, काटक. नऊवारी नेसलेल्या, पायांना भेगा. त्यांनी म्वालेबाईंना नमस्कार केला, जयभीम म्हणाल्या, आणि पाहुणीचा दुखरा कोपर त्यांच्या एका नजरेत आला. "भितीला टेकून बसवा बाईला, हात दुखतोय तिचा," असं म्हणून त्यांनी स्वतःच एक पोतं दुमडून भिंतीशी ठेवलं.

शेजारी उपसरपंच गोमाजी बसले होते. वरच्या वाडीतले, सत्तरीच्या घरातले, पांढऱ्या मिशांचे आणि मोठ्या आवाजाचे. दारात बाया, खिडकीत माणसं. म्वालेबाईंनी टेपरेकॉर्डर सुरू केला आणि पहिला प्रश्न विचारला. पुढारीपण म्हणजे तुमच्या मते काय?

उज्वलाने तो मराठीत सांगितला. मंजुळाबाईंनी थोडा विचार केला. "काय नाय गो. लोकं हाक मारतात, जायला लागतं."

उज्वलाला हे फार तोकडं वाटलं. ती इंग्रजीत म्हणाली, की नेतृत्व ही समाजाने सोपवलेली पवित्र जबाबदारी आहे असं त्या मानतात, लोकांच्या हाकेला धावून जाणं हाच त्यांचा धर्म आहे, आणि तळागाळातल्या माणसाचा सहभाग असल्याशिवाय विकास अपुरा आहे.

मंजुळाबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. "बाय, मी दोन सबूद बोलले. तू येवढी आगगाडी कशी सोडलीस?"

दारातल्या बाया फिसकन हसल्या. म्वालेबाईंनी विचारलं, काय झालं? उज्वलाचे कान तापले. "काही नाही, थोडी गंमत," ती म्हणाली. म्वालेबाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुढचा प्रश्न काढला. जग तापत चाललंय म्हणतात. तुम्हाला इथे काही जाणवतं का?

"पाऊस कमी नाय झाला," मंजुळाबाई म्हणाल्या. "पडायची तऱ्हा बदलली. आधी आठ-आठ दिस रिपरिप लागायची, माती पीत बसायची. आता दोन दिस नुसतं ऊन, आन् मग एका दुपारी सगळा वततो. नाचणीचं रोप हाय का गेलं ते बगायला टायम नाय देत. पानी तेवडंच हाय बगा. पन थांबत नाय."

एवढं उज्वलाने बरंचसं सरळ सांगितलं. म्वालेबाई भराभर लिहीत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, गोमाजींकडे एकवार पाहिलं, आणि हळू, शब्द निवडत विचारलं, "आज सकाळी मी महाडचं तळं पाहिलं. तिथे जे घडलं त्याला शहात्तर वर्षं झाली. इथल्या झऱ्यावर तुम्हाला कधी कुणी अडवलं का? कुणी अडवलं?"

उज्वलाने मान वळवून पाहिलं. समोर गोमाजी बसलेले. खिडकीत वरच्या वाडीची दहा-बारा माणसं. ही बाई उद्या विमानात बसून जाईल, पण मंजुळाबाईंना इथेच राहायचंय, याच झऱ्यावर जायचंय. जे दोन वर्षांत सांधलंय ते आपल्या तोंडून निघालेल्या एका प्रश्नाने उसवलं तर? तिने मराठीत विचारलं, "इथे पाण्यावर सगळे मिळूनमिसळून असतात का, असं विचारताहेत."

मंजुळाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. "आता हायेत," त्या म्हणाल्या.

"होय, सगळे मिळून असतात," उज्वलाने इंग्रजीत सांगितलं.

म्वालेबाईंनी ते लिहिलं नाही. टेप बंद केला आणि म्हणाल्या, झरा बघू या का?

झरा वस्तीच्या वर, कातळाच्या पोटात होता, पऱ्याच्या म्हणजे डोंगरी ओढ्याच्या काठी. अर्ध्या तासाची चढण. गोमाजी काठी टेकत पुढे गेले, म्वालेबाई त्यांच्या मागे. उज्वला आणि मंजुळाबाई शेवटी राहिल्या. करवंदीच्या जाळ्यांशी वळण आलं तिथे मंजुळाबाईंनी पाऊल मंद केलं.

"बाय, ती काय इचारत व्हती खरं?"

"तेच, जे मी तुम्हाला..."

"तिच्या बोलन्यात महाड व्हतं. मी आयकलं. तुझ्या मराठीत महाड नव्हतं." त्या अगदी शांतपणे बोलत होत्या, शाळेतल्या मुलीचं गणित तपासावं तशा. "महाड कुटं गेलं?"

उज्वलाला वडिलांचं बोलणं आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाकीट फोडलं होतं तिने. नुसतं फोडलं नव्हतं, आतलं पत्र बदलून दुसरंच घातलं होतं, आणि त्यातून काय गाळलं? ज्या गावाचं नाव सांगताना तिच्या वडिलांची मान ताठ व्हायची त्या गावाचं नावच तिने गिळलं होतं.

"मला भीती वाटली मावशी," ती शेवटी म्हणाली. "गोमाजीबाबा समोर होते. आम्ही जाऊ निघून. तुम्हाला इथे राहायचंय."

"मी हितंच राह्यते गो. मला ठावं हाय काय बोलायचं आन् काय नाय." मंजुळाबाईंनी तिच्या खांद्याला हात लावला. "तू माज्यासाठी भ्यालीस, बरं केलंस. पन मला इचारून भ्यायचं व्हतंस. चल, तिला सांग परत इचार म्हनून."

झऱ्यापाशी कातळात खोदलेली एक कुंडी होती, चार हात लांब. वरच्या कपारीतून करंगळीएवढी धार तिच्यात पडत होती. चार बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या. कुणी घाई करत नव्हतं. म्वालेबाई कुंडीच्या काठावर बसल्या होत्या. उज्वला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि आपण काय केलं ते तिने इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. पहिल्या प्रश्नाची आगगाडीसुद्धा.

म्वालेबाई रागावल्या नाहीत. "मी मंत्री असताना माझ्या भोवती अशी वीस माणसं होती," त्या म्हणाल्या. "सगळी माझ्या भल्यासाठीच बदल करायची. तू सांगितलंस तरी." मग त्यांनी टेप पुन्हा लावला आणि तोच प्रश्न, महाडसकट, पुन्हा विचारला. या वेळी उज्वलाने तो शब्दाला शब्द लावून मराठीत ठेवला. गोमाजींच्या देखत.

बाया हलायच्या थांबल्या.

"मी लगीन होऊन आले तवा एकोनीस वर्साची," मंजुळाबाई म्हणाल्या. "तवा आमी या कुंडीला हात लावत नव्हतो. खाली त्या दगडापाशी कळशी ठेवून उभं राह्याचं. वरच्या वाडीच्या बायांचं सगळं भरून झालं, की त्यातली कुनाला दया आली तर ती वरून वतायची. नाय आली तर पऱ्यातलं गढूळ न्यायचं. कायदा व्हता, समदं व्हतं. महाडला आमी दरसाल जायचो. हितं कुनी अडवायला काठी घेऊन उभं नव्हतं. नुसतं बगायचे. त्या बगन्यानंच पाय पुढं पडत नव्हता. एक दिस माजी सासू पुढं झाली आन् हंडा बुडवला. चार दिस वरच्या वाडीचं कुनी पानी न्यायला आलं नाय. पाचव्या दिशी आले. तहान कुनाची ऱ्हाते?"

उज्वला सांगत गेली. एकही शब्द वाढवावा असं तिला वाटलं नाही.

"पन त्यानंबी रांग नाय बदलली," मंजुळाबाई पुढे म्हणाल्या. "हात लावायला मिळाला. नंबर शेवटचाच राह्यला. चैतात शेवटच्या नंबराला चिखल मिळतो."

"आणि सरपंच झाल्यावर?" म्वालेबाईंनी विचारलं.

तेवढ्यात गोमाजींनी काठी आपटली. उज्वला दचकली. "ते मी सांगतो," ते म्हणाले. "मी इरोधात व्हतो, मला जास्ती ठावं."

ते कातळावर बसले आणि सांगू लागले. निवडून आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मंजुळाबाईंनी सभा घेतली आणि म्हणाल्या, आजपासून रांग घराच्या अंतराने लागेल. ज्याचं घर झऱ्यापासून सगळ्यात लांब, त्याचा नंबर पहिला. ज्याचं जवळ, त्याचा शेवटी.

"मी म्हटलं, हा डाव हाय. बौद्धवाडी खाली, लांब. आपल्या मानसांना पुढं आनायचा डाव. मी भर सभेत बोललो. तर ही काय म्हनली ठावं हाय? म्हनली, दादा, तुमीच मोजा. मी वीस हाताची दोरी घेतली, माजा भाव धोंडू बरोबर घेतला, दोन दिस घर न् घर मोजलं." गोमाजींनी मिशीवरून हात फिरवला. "पयला नंबर कुनाचा निघाला? पलीकडच्या टेपाडावर तुळसा धनगरीन ऱ्हाते, एकलीच. तिचा. आमी तर तिला गावात धरतबी नव्हतो. दुसरा-तिसरा वरच्याच वाडीतला, कडेच्या घरांचा. मग बौद्धवाडी सुरू. हिचं सोताचं घर नवव्या नंबराला. आन् एकदम शेवटचं घर, झऱ्याला लागून..." ते थांबले. "माजं."

समाजमंदिरातल्या बायांसारख्या इथल्या बायाही हसल्या, पण पदर तोंडाशी धरून.

"तेरा पिढ्या आमी पयलं पानी नेलं. म्हैनाभर मी हिच्याशी बोललो नाय. घरात बायकोला म्हटलं, तू जायचं नाय त्या रांगेत. ती म्हनली, मी चार दिस मागं उभी राह्यले तर मरत नाय. त्या जलमभर उभ्या व्हत्या. आन् गेली हंडा घेऊन. मग मी काय बोलू?"

म्वालेबाईंनी मंजुळाबाईंकडे वळून विचारलं, "पण जवळच्या लोकांनी हे चालू कसं दिलं? ताकद त्यांच्याकडे होती."

मंजुळाबाई कुंडीच्या काठावर बसल्या. "आधी चिडले. मग चैतात झरा बारीक झाला, शेवटच्यांना पानी पुरेना. पयल्या नंबराला काय फरक पडतो? त्याला मिळतंच. झरा आटतोय ते शेवटच्यालाच कळतं. आधी शेवटच्या आमी व्हतो. आमाला कळत व्हतं, पन आमच्याकडं ना बैल, ना मानसं, ना कुनी आयकनारं. आता शेवटचे कोन? गोमाजीदादा. त्यांच्याकडं दोन जोड्या बैल, घरात सात कर्ती मानसं. दिवाळी झाली तसं दादांनीच मला हाक मारली. म्हनले, सरपंचीनबाय, झऱ्याच्या वरल्या अंगाला पऱ्या अडवला तर पानी मुरंल का? मी म्हटलं, मुरंल. पोत्यात माती भरून सात बंधारे घातले. गेल्या वैशाखात धार तुटली नाय, ती दादांच्या बैलांमुळं."

"म्हणजे तुम्ही हे आधीच ओळखलं होतं?" म्वालेबाई पुढे झुकल्या होत्या. "बलवानाला शेवटी ठेवलं, की तो पाणी वाढवायला लागेल, हे?"

मंजुळाबाईंनी मान हलवली. "नाय. खोटं कशाला बोलू? मला येवढंच वाटलं व्हतं, की जी लांबून आली ती दमली असंल, तिला आधी द्यावं. बाकीचं मागनं कळलं."

उज्वलाने हे सांगितलं तेव्हा म्वालेबाईंनी वही मिटली. त्यांनी टेप बंद केला नव्हता. मग त्या बोलू लागल्या त्या उज्वलाकडे न बघता, सरळ मंजुळाबाईंकडे बघत. त्या मंत्री असताना त्यांच्या राजधानीत नळाची मोठी योजना झाली होती. तज्ज्ञ म्हणाले, धरणाजवळच्या वस्त्यांपासून सुरुवात करू, स्वस्त पडतं, काम लवकर दिसतं. जवळच्या वस्त्यांत पाणी आलं, समारंभ झाले. त्या लोकांचं काम झालं होतं, मग पुढच्यांसाठी कुणी बोललं नाही. पैसे संपले, सरकार बदललं. टेकडीवरच्या शेवटच्या वस्तीत नळ पोचलाच नाही. "मी त्याच वस्तीत जन्मले होते," त्या म्हणाल्या. "देशोदेशीच्या साठ-सत्तर जणांना मी विचारत फिरतेय, की आपलं कुठे चुकलं."

मंजुळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिला इचार, तिच्या वस्तीत आता पानी कोन भरतं?"

"माझी बहीण," म्वालेबाई म्हणाल्या. "अजून."

"मग तू फिरायचं आटप आन् घरी जा बाय," मंजुळाबाई म्हणाल्या, इतक्या मायेनं की उज्वलाला ते कठोर वाटेल ही भीतीच उरली नाही. तिने जसंच्या तसं सांगितलं. म्वालेबाई मोठ्याने हसल्या आणि हसता हसता त्यांनी रुमालाच्या टोकाने डोळे टिपले.

शेवटचा प्रश्न त्यांच्या वहीत सगळ्यांसाठी एकच होता. पन्नास वर्षांनी जग कसं असेल? त्यांनी तो विचारला.

"पन्नास वर्सांचं मला नाय सांगता यायचं," मंजुळाबाई म्हणाल्या. "माजी दोन्ही पोरं मुंबैला. त्यांची पोरं हितं येतील का तेबी ठावं नाय. पुढल्या उन्हाळ्याचं सांगते. पुढल्या उन्हाळ्याला आजून तीन बंधारे हवेत, म्हंजे तुळसाला टेपाडावरून खाली यायला नको, तिच्या अंगालाच पाझर फुटंल. तेवढं झालं की मग त्याच्या पुढल्या उन्हाळ्याचं बगू."

उतरताना म्वालेबाईंनी मंजुळाबाईंचा हात धरला होता. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि उज्वला मुद्दाम दहा पावलं मागे राहिली. सकाळी जी बाई आपल्या राखणीत आहे असं तिला वाटलं होतं, तिच्याकडे ती आता मागून बघत होती. एवढीशी मूर्ती, भेगाळल्या टाचा, आणि चालताना प्रत्येक घराकडे एक नजर. उज्वलाने आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली होती, पण त्या दिवशी त्यांतलं एकही आठवायचा प्रयत्न केला, तर तिला आठवेना.

पावसाळा सरला आणि ऑक्टोबरच्या शेवटी पत्र आलं. पुण्याला आयोगाची परिषद होती, नोव्हेंबरमध्ये. म्वालेबाई स्वतः येणार नव्हत्या. त्या आपल्या गावी परतल्या होत्या आणि नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या होत्या. पण त्यांनी आग्रहाने लिहिलं होतं, की पळसकोंडच्या सरपंचांना व्यासपीठावर बोलवावं. उज्वला ते पत्र घेऊन धावतच वर पळसकोंडला गेली.

"नोवेंबरात?" मंजुळाबाई म्हणाल्या. "तवा तर बंधाऱ्याचं काम. पऱ्याचं पानी काय माजी वाट बगत थांबतंय? दादांना ने."

"अहो, पण बोलावलंय तुम्हाला!"

"मी काय सांगनार? मी केलं, मी केलं? ते दुसऱ्यानं सांगावं. आन् जो इरोधात व्हता त्यानं सांगितलं तर लोकं इस्वास ठेवतील."

अशा रीतीने गोमाजी आयुष्यात पहिल्यांदा पुण्याला गेले. धुवट धोतर, कोट, डोक्याला नवी टोपी. मोठं सभागृह, वातानुकूलित, समोर चारशे माणसं. त्यांच्या आधी दोन तज्ज्ञ पडद्यावर आलेख दाखवून गेले होते. गोमाजी माईकपाशी उभे राहिले, काठी दोन्ही हातांनी धरली. शेजारी उज्वला.

"मी गोमाजी. पळसकोंडचा उपसरपंच," ते म्हणाले. "आमच्या सरपंच मंजुळाबाय. मी त्यांच्या इरोधात व्हतो. तेवढंच सांगाया आलोय, की मी चुकलो व्हतो."

उज्वलाने सांगितलं. पुढची वीस मिनिटं गोमाजींनी दोरीची, तुळसाची, बायकोची, बंधाऱ्याची हकीकत सांगितली. शेवटी एका गोऱ्या गृहस्थाने उठून विचारलं, की तुमच्यासारख्या माणसाने आपला पहिला मान सोडणं हे अवघड गेलं नाही का?

"गेलं ना," गोमाजी म्हणाले. "आजूनबी जातं. सकाळच्या पारी बायको रांगेत शेवटी दिसली, की पोटात ढवळतं. पन तवाच आठवतं, आमी ज्यांना उभं केलं त्यांच्या पोटात काय ढवळत आसंल." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मंजुळाबायनं मला शिक्षा केली असती तर मी भांडलो असतो. तिनं मलाच मोजाया लावलं. आता आपन मोजलेलं खोटं कसं म्हनायचं?"

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. गोमाजी गोंधळले. त्यांनी उज्वलाला कानात विचारलं, "सगळे का उठले? जेवनाची येळ झाली का?"

दुसऱ्या दिवशी वरंध घाटातून एसटीने महाड, तिथून पोलादपूर, आणि मग जीप. दुपारी दोघं पळसकोंडात पोचली तेव्हा वस्तीत कुणीच नव्हतं. सगळे वर पऱ्यावर होते. तिथे नववा बंधारा अर्धा झाला होता. मंजुळाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पोत्यांचा थर बसवत होत्या. तुळसा धनगरीण काठावर बसून सुतळीने पोत्यांची तोंडं शिवत होती.

"आलात?" मंजुळाबाईंनी वर पाहिलं. "जेवन बरं व्हतं का दादा?"

"भात कच्चा व्हता," गोमाजी म्हणाले, आणि कोट काढून करवंदीवर टाकला. टाळ्यांविषयी, गोऱ्या माणसाविषयी ते काही बोलले नाहीत. सरळ पाण्यात उतरले.

उज्वलाला खूप काही सांगायचं होतं. परिषदेचे अध्यक्ष काय म्हणाले, वर्तमानपत्रवाले कसे आले, म्वालेबाई निवडून आल्याची तार सभेत कशी वाचली. तिने तोंड उघडलं. मंजुळाबाईंनी एक रिकामं पोतं तिच्या हातात दिलं. "हे तोंड धरून उभी ऱ्हा गो बाय. मी माती टाकते. बोल तू, मी आयकते."

उज्वलाने पदर खोचला, पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि सांगायला सुरुवात केली.